वेढे

शिरपूरच्या आयटीआयत, मे महिन्यात,
दुपारी पंखा नुसती तापलेली हवा वाटत असतो.
भामरे सरांच्या एकशे शहाऐंशी स्लाइड्स
पेन ड्राइव्हमधून माझ्या टेबलावर उतरल्या.
विषय: मोटर रिवाइंडिंग.
एकोणीस वर्षांत जमलेल्या,
अक्षरं काडीसारखी,
शेवटच्या बाकापर्यंत पोचता पोचता
खिडकीच्या उजेडात विरून जाणारी.

एकेक बदलत बसलो तर दिवाळी उजाडेल, सर म्हणाले.
मी कोपाची, तासिका तत्त्वावर.
म्हटलं, सर, हे काम हातानं करायचं नसतं. वेढे घालायचे.

प्रत्येक स्लाइड घे,
तिच्यावरची प्रत्येक चौकट घे,
चौकटीत मजकूर असेल तर
मजकुराचा प्रत्येक तुकडा घे,
फॉन्ट बदल, आकार अठ्ठावीस कर, पुढे जा.
वेढ्यात वेढा, त्याच्या आत आणखी एक.

सरांना कोड कळला नाही, वेढे कळले.
तांब्याची तार मोजण्यात केस पिकलेला माणूस,
काचेला बोट न लावता
ओळींच्या पायऱ्या मोजत राहिला.
"येढा चुकना तं मोटर बोंबलस, ताई."

चालवला.
चार सेकंद. कुठे लाल अक्षर नाही, तक्रार नाही.
आणि बदललं काय?
एचपी, आरपीएम, चारशे पंधरा व्होल्ट.
रोमन तेवढं नव्या कपड्यांत,
मराठी तशीच, काडी काडी,
बोलावणं आपल्याला नव्हतंच अशी
जागच्या जागी उभी.

तासाभरानं सापडलं.
फॉन्टला आत कप्पे असतात.
मी ज्यात हात घालत होते तो रोमनचा.
आपल्यासारख्यांचा निराळा,
त्यावर नाव: जटिल लिपी.
सरांना वाचून दाखवलं.
ते बराच वेळ 'स्टेटर' या शब्दाकडे बघत बसले.
"जटिल कसानं? डोकावर एक रेघ शे, बस."

दारात रोशनी पावरा उभी होती,
इलेक्ट्रिशियन, दुसरं वर्ष, सातपुड्यातल्या पाड्यावरची,
घरी जी बोली बोलते
तिच्यासाठी कुठे कप्पा आहे का,
हे तिनं विचारलं नाही.
मीही विषय काढला नाही.

कोडात एक ओळ वाढवली.
पुन्हा चार सेकंद,
आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत
अक्षरं भरली, तुरीच्या शेंगा भरतात तशी.
रोशनीला शेवटच्या बाकावर पाठवलं.
दिसतंय?
दिसतंय, मॅडम. सगळं.
मग जरा थांबून,
"पण एक्केचाळीसवर पाच ओळी होत्या ना, सर?
चारच आहेत."

होत्या पाच.
अक्षर जाड झालं, चौकट होती तेवढीच राहिली,
आणि पाचवी ओळ स्लाइडच्या काठावरून
खाली, जिथे पडदा नसतो तिथे गेली होती.
'हात लावण्याआधी मेन स्विच बंद आहे ना, पुन्हा बघा.'

वेढा बरोबर होता.
वेढ्याला काठ दिसत नाही.

मग आम्ही तिघं एकशे शहाऐंशी स्लाइड्स
डोळ्यांनी बघत गेलो,
मधे लाइट गेली, इन्व्हर्टरनं कण्हत साथ दिली,
माठातलं पाणी संपलं.
एक्केचाळीसवर जागा करायची होती.
आकार कमी करू का, मी विचारलं.
"नको. व्याख्या काढी टाका," सर म्हणाले,
"व्याख्याबिगर कोनी मरत नही."

काढली.
पाचवी ओळ सगळ्यात वर नेली.
फाइलला नाव दिलं: भामरे नवीन.
सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून
एका बोटानं, कळा शोधत शोधत,
पुढे एक आकडा टाकला, दोन.
"आखो चुकी निघतीन."