बोधाचा रकाना

बेळगावहून परिपत्रक आलं, कानडीत.
मी अक्षरं जुळवत बसते तोवर
बसवंतप्पा शिपाई चष्मा कपाळावर सरकवून
मोठ्यानं मराठीत सांगतो:
तेरा ते सतरा वयाच्या पोरांसाठी
दहा कादंबऱ्या सुचवायच्या, मॅडम.
रकाने चार. अनुक्रमांक, नाव, लेखक, बोध.
बुधवारच्या आत.

बोध?
होय की. वाचून काय मिळणार, ते.

खानापूरच्या ह्या खोलीत मराठीचं कपाट खिडकीला लागून.
मलप्रभेची ओल आधी त्याच्यात शिरते, मग माझ्या गुडघ्यांत.
एकशे बेचाळीस पुस्तकं. त्यातली साठेक कादंबऱ्या,
बाकी लोणची-मुरंबे, मूळव्याधीवरचे उपाय,
आणि कुण्या वकिलाचं दोन खंडांतलं आत्मचरित्र,
ज्याचा दुसरा खंड अजून कुणी उघडलेला नाही.
पानं जोडलेलीच आहेत.

पहिल्या ओळीत तौसिफचं जाड पुस्तक लिहावं.
तो लोंढ्याचा, पॅसेंजरनं येतो-जातो.
पातळ दिलं की दुसऱ्या दिवशी टेबलावर आपटतो:
गुंजीलाच संपलं, मॅडम. पुढं काय करू मी?
बोध: लोंढ्यापर्यंत पुरतं.

मग ते घर सोडून गेलेल्या मुलीचं.
गर्लगुंजीच्या मोनाली घाडीनं चारदा नेलं.
तिसऱ्या वेळी मी जरा घाबरले होते,
खरं, मोनाली कुठं गेली नाही.
चौथ्यांदा परत करताना म्हणाली,
अख्ख्या पुस्तकात एकदा बी तिला कुणी
जेवलीस काय, म्हणून विचारत नाही.
आता तीच गोष्ट ती बाहेरच्या पायरीवर बसून
नागरत्नाला कानडीतून सांगते.
खिडकीतून ऐकते मी. अर्धं कळतं.
सांगताना मोनाली त्या मुलीला
दोनदा पोटभर जेवू घालते.

ह्याला लेखक कोण लिहू?

यल्लेश वीटभट्टीवरून येतो, पाच वाजता,
जांबोटीची शेवटची गाडी सुटायच्या आधी.
शाळा कानडी, म्हणून मराठी बोट ठेवून वाचतो.
हात धुऊन ये म्हटलं की धुऊन येतो,
तरी लाल माती नखांत राहते ती राहतेच,
आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात
एक अंगठा उमटतो, पोस्टातल्या पावतीवर असतो तसा.
जूनमध्ये त्यानं पुस्तक न बोलता परत ठेवलं.
अंगठे मोजत गेले मी.
सत्तावन्नपर्यंत होते. पुढं पानं कोरी.
अठ्ठावन्नाव्या पानावर
त्या गोष्टीतल्या मुलाचा बाप जातो.

मी काही विचारलं नाही.
घोड्यांचं एक नवं आलं होतं, चित्रांचं, ते दिलं.
त्यानं नेलं, आणलं, नेलं, आणलं.
परवा कपाटापुढं बराच वेळ उभा राहून म्हणाला,
ते जुनंच द्या की.
अर्धं राहिलंय.

आज मंगळवार. सातच नावं झालीत.
एक असं घातलंय जे कपाटात नाहीच,
पाच वर्षांपूर्वी एका पोरानं नेलं नि गोव्याला कामाला गेला.
पुस्तक चांगलंच असणार.
बोधाच्या रकान्यात लोंढा, जेवण, अंगठा,
असं काहीबाही लिहून खोडलंय.

बसवंतप्पा यादी कानडीत उतरवायला बसतो.
पेन थांबतं.
मॅडम, हे 'अर्धं राहिलंय' कुणाचं म्हणून लिहू?
राहू दे, मी म्हणते. तिथं रेघ ओढा.

तो रेघ ओढत नाही.
बाहेर जांबोटीची गाडी हॉर्न देते,
कुणीतरी पळत सुटतं, चप्पल फटफटते.
बसवंतप्पा दाराला आतून कडी घालतो,
खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढतो.
मला मराठी ऐकूनच येते, म्हणतो, अक्षर नाही येत.
ते अठ्ठावन्नावं पान
जरा वाचून दाखवा.