किनारा, तालुका माजलगाव

दापोलीच्या साडूनं भर पंगतीत विचारलं,
"तुमच्याकडं किनारा कुठला हो?"
चार जण हसले.
मी भातात खड्डा केला, वरण ओतून घेतलं
आणि ते फुटून ताटभर होईस्तोवर गप्प बसलो.

पुढच्या रविवारी स्प्लेंडर काढली.
मागं अन्सर, त्याच्या मांडीवर डबा :
धपाटी, शेंगदाण्याची चटणी,
आणि कशासाठी कोण जाणे, एक टॉवेल.

धरणाच्या भिंतीवर सगळेच जातात,
फोटो काढतात, कणसं खातात.
भिंत म्हणजे काही किनारा नव्हे.
आम्ही उलट्या अंगानं गेलो,
जिथं सिंदफणेचं थांबवलेलं पाणी
कुणाला न विचारता
ज्वारीच्या धसकटांत शिरतं.

पहिला किनारा डांबरी निघाला.
जुना रस्ता बाभळींतून वळण घेतो, उतरतो
आणि सरळ पाण्यात जातो,
ब्रेक मारायचं विसरल्यासारखा.
कडेला मैलाचा दगड,
पुढच्या गावाचं नाव खरवडून गेलेलं,
आकडा तेवढा शाबूत : सहा.
"सहा किलोमीटर," अन्सर म्हणाला,
"चालत का पोहत, ते लिहिलं नाही."
मग दोघंही बसून राहिलो तिथंच,
येष्टी उशिरा आहे म्हणून बसतात तसे.

दुसरा मार्चात सापडला.
पाणी मागं सरलेलं, गाळाला तळहाताएवढ्या भेगा,
त्यात कोंडाबाईचा टरबुजांचा वेल.
"गाळपेर हाय," ती म्हणाली.
"पावसाळ्यात पाण्याचं, उन्हाळ्यात माजं.
सातबाऱ्यावर दोघांचं बी नाव न्हाई."
विळ्यानं एक फोडून तिनं आमच्या हातात दिलं,
गरम होतं, उन्हानं आतपर्यंत गरम.
मी विचारलं, "मावशी, किनारा नेमका कुठून धरायचा?"
तिनं तुराटी उचलून गाळात रोवली.
"आज हितून. उद्याचं उद्या इचारा."

तिसऱ्याला नाव नाही.
गवताची एक जीभ पाण्यात गेलेली,
थर्माकोलच्या तराफ्यावर मसाजी भोई जाळं सोडवत बसलेला,
आणि पलीकडं राखाडी बदकांचा थवा, डोक्यावर दोन दोन काळ्या रेघा.
पुस्तकात त्यांचं नाव पट्टकदंब.
मसाजी म्हणतो, "पावणे."
"लई लांबून येतेत. डोंगरापल्याडून म्हणे.
पाणी कुठवर सरकलंय ते ह्यांना वरूनच कळतं.
मी हितला, तर मला रोज सकाळी हुडकावं लागतं."

अन्सरनं ओंजळ भरली, चव घेतली.
"मीठ नाही."
"चटणीत आहे," मी म्हणालो.

मग त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला
आणि चालत आत गेला,
हळू, एकेक पाऊल चाचपत,
नव्या घरात पहिल्यांदा शिरावं तसा.
त्यानं समुद्र पाहिलेला नाही.
मीही नाही.
हे मी साडूला सांगितलं नव्हतं.
पंगतीत सांगायची गोष्ट नव्हती ती.

परतताना एक शिंपला सापडला, बोटाच्या पेराएवढा,
आतून जांभळट.
कानाला लावला, सिनेमात लावतात तसा.
घरघर ऐकू आली.
काळजाचा ठोका चुकला क्षणभर,
मग लक्षात आलं, लाइट आलीय,
काठावरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्यात
आणि पाणी पाइपांतून वर चाललंय
उसाकडं.

टॉवेल अखेर त्या शिंपल्याला गुंडाळायला कामी आला.

सप्टेंबरात मी एकटाच जाऊन आलो.
सहाचा आकडा बुडालेला.
रस्ता आधीच्या वळणावरच संपत होता,
म्हणजे तो किनाराही आता तिथं नव्हता.
टरबुजांच्या जागी लाटा, हातभर उंचीच्या,
आणि मधोमध
तुराटीचं टोक, चार बोटं वर.
तिच्यावर एक चतुर बसला होता.
वारा आला की उडायचा,
फिरून
तिथंच.