वाकाचं झाड

भिंतीवर सत्तेचाळीस चिठ्ठ्या.
पिवळ्या, जे घडणार ते. निळ्या, जे कुणालाच कळणार नाही.
एक लाल: प्रकरण अकरा, मामा बुडतो.
सांतियागोहून येताना टाचण्यांची डबीसुद्धा आणली होती,
चिलोए बेटावर मिळतील न मिळतील.

खिडकीखाली बेलार्मिनो नाउएल्किन होडी बांधतो.
सकाळी चिखलात उभा, दुपारी त्याच्या घोट्यांना पाणी;
इथली भरती कुंपणापर्यंत येते
आणि विचारपूस करून परत जाते.
कागद नाही. पट्टी नाही.
कानामागे पेन्सिल आहे, पण ती
खिळ्यांच्या हिशेबापुरती.

"नकाशा कुठाय?" मी विचारलं.
त्याने एक डोळा मिटून नाळेकडे पाहिलं.
"तुम्ही मधे उभ्या आहात," म्हणाला.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.
त्याच रात्री निम्म्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या
(सरपण ओलं होतं, तेवढंच बरं)
आणि लिहीत सुटले.
मामा बुडेना.
काठावर फतकल मारून तो बटाटे सोलू लागला,
चार पानं, सहा पानं, नऊ पानं,
सालं लांब, अखंड, देखणी,
आणि गोष्ट जागची हलेना.

रविवारी म्हातारा मला रानात घेऊन गेला.
पायाखाली शेवाळ, वर झिमझिम, बोलणं जवळजवळ नाहीच.
सरळ झाडांकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही.
वाकड्यापाशी थांबायचा,
बैलाच्या वशिंडावर फिरवावा तसा हात फिरवायचा:
"ही तिसरी फासळी.
ही कोवळी आहे, नातवाच्या होडीला येईल.
ह्याला वाऱ्याने घाई केली. जळण."

चाळीस वर्षं तो इथे येतोय.
मी म्हटलं, "मग हाच की तुमचा नकाशा!"
"नाही," तो म्हणाला. "हे लुमाचं झाड आहे."

आणि हेही सांगायला हवं:
गेल्या साली त्याने बांधलेली 'क्लोरिंदा' डावीकडे कलते.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही.
उजव्या अंगाला दोन धोंडे ठेवून
त्याची बायको तिच्यातूनच बाजाराला जाते
आणि कोबी भिजू न देता परत येते.

आता भिंतीवर भोकं जास्त, चिठ्ठ्या कमी.
लाल ठेवलीय, आकडा तेवढा खोडला.
मामा बुडेल. त्याचा वाक मला दिसतो,
पाणी कुठल्या पानावर चढेल ते नाही.
बटाट्यांची आठ पानं फाडली.
नववं ठेवलंय,
उजव्या अंगाला.

खालून हाक येते:
"बाई, पेन्सिल आहे का? माझी पाण्यात गेली."
मी माझी खिडकीतून टाकते.
तो झेलतो, कानामागे खोवतो,
आणि करवत उचलतो.