दीडशे मिलिसेकंद

फोन बसवायला नाही आलो मी.
फोन खोक्यांत पडून आहेत, बावीस,
अजून प्लास्टिकच्या कातडीत.
मी आलोय वाट तपासायला.

समुद्रपूर. नावात समुद्र,
आणि जिनिंग सोसायटीत जिकडे तिकडे कापूस.
स्विचची पेटी उघडली तर
पंख्याच्या पात्यांना रुईची दाढी.
"दोन सिझनची आहे, साहेब," रुपराव सातघरे म्हणाला,
जसं काही जपून ठेवली होती.
ब्रशनं काढली. हातात धरली.
गरम होती.

ऑफिसातून वजनकाट्यापर्यंत एकशे साठ मीटर केबल.
शंभराला तिचा दम संपतो
हे ओढणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.
तरी काट्यावरचे आकडे येत होते,
अडखळत, हरवत, पुन्हा मागवले जात.
गाठींचा हिशेब उशिरा आला तरी
हिशेबच असतो.
बोलणं पुन्हा मागवता येत नाही.
"हॅलो"मधला मागे राहिलेला "लो"
मागाहून आला तर त्याला कुणी दार उघडत नाही.

दीडशे मिलिसेकंद.
तेवढ्यात शब्द पोचला पाहिजे.
त्यापुढं माणसं एकमेकांच्या वाक्यात पाय घालतात,
मग दोघंही थांबतात,
मग दोघंही एकदम सुरू होतात.
(मी आणि माझा भाऊ असेच बोलतो.
आमच्यात केबलचा दोष नाही.)

मधे एक पेटी बसवली, दम घ्यायला.
एकाच तारेत दोन वाटा केल्या,
दहा नंबर आकड्यांना, वीस आवाजाला.
स्विचला बजावलं,
वीसवाला आला की बाकीच्यांनी सरकायचं,
काट्यासमोरच्या गाड्यांतून
बाळंतिणीची जीप पुढं काढतात तसं.
पण मोजून.
सगळ्यांनाच पुढं काढलं तर रांग कसली.

अकरा वाजता तरीही आवाज फाटला.
रोज अकरालाच फाटे, तीन दिवस.
चौथ्या दिवशी चोर सापडला:
गंजीवरचा कॅमेरा,
दिवसभर साठवलेलं सगळं
त्याच वेळेला वर्ध्याला पाठवणारा.
न हलणारा कापूस,
सेकंदाला पंचवीस चित्रं.
मी पाच केली, आणि वेळ रात्रीची.
कापसाची काही तक्रार आली नाही.

दुपारी लाइन गेली.
या फोनांचं जेवणही त्याच तारेतून.
बॅटरीनं अठ्ठेचाळीस मिनिटं काढली,
मग बावीस काळे चेहरे एकदम.
कोपऱ्यातला जुना लाल फोन तेवढा जिवंत.
तो काढा असं कागदावर होतं.
मी तो ओळीतून खोडला.

पंचशीला थूल ऑपरेटर आहेत, सव्वीस वर्षं.
त्यांच्या बोर्डाचे स्क्रू काढताना
त्या खुर्ची ओढून जवळच बसल्या.
"काहून बावा, माह्या बोर्डाले काय झालं होतं?"
मी पट्टी गुंडाळत राहिलो.

संध्याकाळी मोजणी दाखवली.
पाचपैकी चार पूर्णांक दोन. पास.
त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.
"कोन बोलून राह्यला?"
काट्यावरून रुपराव, मी सांगितलं.
"मंग त्याच्या मांगचा पंखा काहून नाही आयकू येत?
तो गप्प झाला का मले वाटते फोन मेला."

वायफळ वाटेल ते गाळायचं
हे मीच चालू करून ठेवलं होतं,
थोडी जागा वाचावी म्हणून.
कोणी बोलत नसेल तेव्हा काही पाठवायचं नाही.
बंद केलं.

"हं," त्या म्हणाल्या.
आणि ठेवलाच नाही फोन.
रुपराव काही बोलत नव्हता, त्याही नाही.
माझ्या पडद्यावर एक बारीक हिरवी रेघ चालत होती,
वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे,
सेकंदाला पन्नास,
ओळीनं, एकही न हरवता,
काट्यावरचा पंखा
पंचशीलाबाईंच्या कानापर्यंत.