चौथा शेवट

पहाटे सहाला मी त्याला म्हातारा करायला घेते.
तसा तो आहेच एकाहत्तरचा, पण झाराला
वेगळं म्हातारपण लागतं:
डोळ्यांखाली जांभळं, कानशिलांवर मेणाचं,
नखांत काविळीचं पिवळं. ते मी तीन डब्यांतून कालवते
आणि आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघते,
आई दुधाची ऊब बघते तसं.

इनोकेंती साविच डोळे मिटून विचारतो,
"कापितोलिना, कितवा दिवस मरतोय मी?"
"अकरावा."
"आणि वारस?"
"लेखकांचं अजून भांडण चाललंय."

बाहेर खरं बर्फ. आत कागदाचं.
खुंट्यांवर बोयारांच्या दाढ्या, नंबर लावलेल्या;
दाढ्यांचे मालक हीटरपाशी उभे राहून
मोबाईलवर घराचे हप्ते बघतात.
थोरला राजपुत्र सर्दीने बेजार. धाकट्याला
चारच्या गाडीने यारोस्लाव्हलला जायचंय, मुलीचा वाढदिवस.
सात वर्षांच्या नातीला मुकुट मोठा होतो,
आत मी स्पंज कोंबलाय.

शेवट तीन घ्यायचे, असा वरून हुकूम.
बातमी फुटायला नको.
एकदा बोट थोरल्याकडे. एकदा मेहुण्याकडे.
एकदा नातीकडे.
ज्याच्याकडे बोट, तो ढसाढसा रडतो,
बाकीच्यांचे हात तलवारीच्या मुठीवर.
त्याच तलवारी, तेच रडणं,
मधे फक्त चहा.

तिसऱ्यानंतर कॅमेरा बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.
सगळे जेवायला पळाले.
इनोकेंती साविच उठला नाही.
पांघरुणावर त्याचं बोट हलत होतं,
सावकाश, उजवीकडे, मग जरा खाली,
मग थांबलं.
मी वाकले. "काय होतंय?"
"खाजतंय गं. ही फर नकली आहे."
आणि थोड्या वेळाने, डोळे न उघडता,
"माझं मांजर ठेवशील का?
मुलाला ॲलर्जी आहे, मुलीला वेळ नाही."

फेब्रुवारीत तो गेला.
मालिका लागली एप्रिलमध्ये.

शेवटच्या भागाला शेजारची फाइना मात्वेयेव्ना
कोबीचे पिरोग घेऊन आली, तिचा नवरा खुर्ची घेऊन.
तिन्ही शेवट त्यांनी कापून टाकले होते.
पडद्यावर फक्त ते बोट.
उजवीकडे, जरा खाली. मग अंधार, घंटा.

"धाकट्याला!" फाइना म्हणाली. "उजवीकडे धाकटाच उभा होता."
"छे, खाली. म्हणजे मातीला. म्हणजे देशाला."
नवऱ्याचे डोळे भरून आले होते.
पिरोग गार होईपर्यंत दोघं भांडत राहिली,
मग मला विचारलं, तू तर तिथेच होतीस ना.

मांडीवरचं मांजर कुशीवर वळलं.
मी काहीच सांगितलं नाही. मी नखं बघत होते,
एवढ्या मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच.
पिवळं जरा जास्तच झालं होतं,
आणि कडेला, कातडीच्या आत गेलेलं.

ते मी लावलेलं नव्हतं.