मूळ प्रतीप्रमाणे

डिसेंबर, रात्रीचे साडेअकरा.
शासकीय मुद्रणालय, खोली नंबर चार.
निमजे वाचतो, मी बघतो.
त्याच्या हातात मूळ प्रत, माझ्या हातात प्रूफ,
टेबलाखाली एक हीटर
ज्याची दोनातली एकच कांडी लागते.

"विमाधारक हितसंरक्षण विधेयक," निमजे वाचतो,
"कलम नऊ पोटकलम दोन
आगीच्या दाव्याची सूचना मिळाल्यापासून स्वल्पविराम
पंधरा दिवसांच्या आत स्वल्पविराम
सर्वेक्षक घटनास्थळी जाऊ शकेल पूर्णविराम."

एकवीस वर्षं मी राज्य असंच ऐकत आलोय,
स्वल्पविरामांसकट.
अर्थ ऐकायचा नसतो.
वाघाडे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
अर्थात शिरलास की वेलांटी सुटते.

पण "जाऊ शकेल"पाशी पेन थांबलं.

गोळीबार चौकात माझ्या बहिणीच्या नवऱ्याचे चार माग होते.
मार्चमध्ये शॉर्टसर्किट झालं.
कंपनीच्या फोनवरची मुलगी फार गोड बोलली,
"सर्व्हेअर येईपर्यंत काहीच हलवू नका हं, सर."
त्यांनी काहीच हलवलं नाही.
जळकं सूत, वितळलेल्या बॉबिनी,
मागावर अर्धं राहिलेलं एक हिरवं लुगडं,
काठ तेवढा शाबूत.
एप्रिल गेला.
मे महिन्यात राखेचा वास वरणात उतरला.
बहीण दाराशी रांगोळी काढायची
आणि आत जाताना त्या खोलीकडे पाठ करून जायची.
जूनमध्ये पत्र्यातून पाणी आलं,
राख नालीत गेली.
जुलैच्या नऊ तारखेला सर्व्हेअर आला,
बूट न काढता उंबऱ्यात उभा राहिला,
म्हणाला, नुकसान दिसत नाही.

"समोर वाचू का जी?" निमजे.
"थांब. आधीच्या प्रतीत काय होतं?"
त्याला आठवत होतं. अशा पोरांना आठवतंच.
"'जाईल' होतं ना, काका. शनिवारी 'जाईल'च होतं."

शनिवार आणि सोमवारच्या मध्ये
एक रविवार असतो.
त्या दिवशी कोण कोणाला भेटलं, काय खाल्लं,
मला माहीत नाही.
मी फक्त अक्षरं मोजली.
तीनची पाच झाली होती.

समासात लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं, खाली सही केली.
मुद्रितशोधकाला तेवढीच मुभा.
बावणे शिपाई गठ्ठा घेऊन विधानभवनाकडे गेला,
कानटोपीवर हेल्मेट घालून.

निमजेनं चहा आणला.
"विमा तं दिल्लीचा विषय ना काका?
हे कोर्टात टिकन तरी का?"
म्हटलं, "टिको न टिको. शुद्ध छापलं पाहिजे."
बोलून गेलो खरा,
मग बराच वेळ ग्लासातली साय
बोटानं बाजूला करत बसलो.

पावणेतीनला प्रूफ परत आलं.
माझ्या प्रश्नचिन्हाखाली, निळ्या शाईत,
शाळेत बक्षीस मिळावं अशा अक्षरात:
मूळ प्रतीप्रमाणे.

मग छापलं. नऊशे प्रती.
शाई सगळीकडे सारखी लागली.
एकही वेलांटी सुटली नाही.

विधेयक गुरुवारी मंजूर झालं, आवाजी मतानं.
बाहेर मॉरिस कॉलेजजवळ कुठलासा मोर्चा अडवलेला होता,
त्यांचा विषय वेगळा होता.

संध्याकाळी भाऊजींचा फोन.
"टीव्हीवर सांगून रायले, नवा कायदा आला म्हणे.
आता पाह्यला येईन ना कोणी आपल्याकडं?"
मी म्हणालो, "येऊ शकेल."
"हाव ना, येईनच," ते म्हणाले,
आणि आवाज खाली घेऊन,
जणू मी कोणीतरी साहेब आहे,
"तो काठ ठेवलाय आम्ही.
स्टीलच्या डब्यात आहे. डांबरगोळ्या टाकून."