चाचणीची पट्टी

मे महिन्यात दुपारी अडीचला
नव्या पेठेतला रस्तासुद्धा डोळे मिटून घेतो.
मी शटर अर्धं ओढतो, खिडकीवर काळं कापड सोडतो,
स्क्रीनचा उजेड निम्म्याच्याही खाली आणतो
आणि दहा मिनिटं नुसता बसतो.
गिऱ्हाइकाला वाटतं, झोपला.
डोळे निवत असतात माझे.

कुणाकुणाला समजावून सांगायचं?
स्क्रीन स्वतः उजेड फेकते.
कागद उजेड मागून घेतो
आणि उसनवारीत हाती थोडं कमीच येतं.
म्हणून मोबाइलवर झळाळणारं लग्न
अल्बमात तिन्हीसांजेचं होतं,
आणि वरपिता विचारतो, शाई वाचवली काय हो?
अहो, काळं व्हायला शाई जास्तच लागते.

भूलक्ष्मीबाई चिप्पा साखर पेठेतून आल्या,
पेनड्राइव्ह रुमालाच्या गाठीत बांधून.
बेचाळीस फोटो. चोवीस पानं. वर्षश्राद्धाला वाटायचं पुस्तक.
नवरा एकतीस वर्षं रंगखान्यात होता,
चादरीच्या सुताला रंग द्यायचा.

सतरा नंबरचा फोटो निळसर मारत होता.
मला वाटलं, ट्यूबलाइटचा दोष.
पांढरं कुठं सापडतंय बघितलं
आणि त्यांच्या बनियनवर टिचकी मारली.
रंगाऱ्याच्या बनियनवर!
एका टिचकीत सगळं स्वच्छ झालं,
भिंत, हौद, माणूस.
मी खूश होऊन पट्टी छापली.

बाई पट्टी घेऊन दारात गेल्या, उन्हाच्या कडेला.
मी न सांगताच गेल्या.
बराच वेळ बघून आपल्याशीच म्हणाल्या,
"ई चेतुलु आयनवि कावु."
मग माझ्यासाठी मराठीत:
"हे हात त्यांचे नाहीत.
कोपरापर्यंत निळा होता माणूस.
आमच्या लग्नात हळद लावली
तर हातावर हिरवी दिसली. सगळे हसले."

मी सगळं पहिल्यासारखं केलं.
दुसरी पट्टी काढली, तर हात जांभळे.
स्क्रीनवर निळा तो निळाच होता,
पण कागदावर आला की त्याला जांभळाची ओढ लागते,
ही जुनी खोड.
निळा किंचित हिरव्याकडे ढकलला,
अंधार दोन घरं उचलला,
चेहऱ्याला हात लावला नाही.
तिसरी पट्टी मशीनमधून येते ना येते
तोच मी ती पुढं केली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "वाळू दे.
ओल्या रंगावर बोलायचं नाही.
ते म्हणायचे, सूत ओलं असतं तेव्हा गडद दिसून फसवतं,
दोरीवर वाळल्यावर खरं काय ते सांगतं."
वीस वर्षं झाली मला या धंद्यात.
पट्टी पंख्याखाली ठेवली,
वर पेपरवेट म्हणून कात्री.
चहा मागवला. त्या बशीतून प्यायल्या.
आम्ही दोघं एका कागदाकडं
दूध उतू जाईल तसं लक्ष ठेवून बसलो.

साडेचारला त्यांनी पट्टी पुन्हा दारात नेली.
काही बोलल्या नाहीत.
बोटानं फोटोतल्या नखांवरून
एकदा इकडून तिकडं गेल्या.
"हं," म्हणाल्या. "हे."

मी मागच्या बाजूला पेन्सिलीनं आकडे लिहून ठेवले,
सगळी चोवीस पानं आता या हातांच्या हिशोबानं.
चुकलेल्या पट्ट्या चुरगाळून टोपलीत टाकणार होतो.
"ती पहिली द्या," त्या म्हणाल्या.

"चुकलीय ती, बाई."

"असू दे. धुतलेले हात आहेत त्यांचे.
मला कधी बघायला मिळाले नव्हते."

दोन्ही पट्ट्या रुमालात गेल्या, गाठ बसली.
पट्ट्यांचे पैसे मी नको म्हणालो.
त्यांनी तिन्हीचे मोजून ठेवले.
जांभळीचेसुद्धा.